उदाहरणादाखल मंजुळा

फोन आला तेव्हा बोरसे सर 'थिन' आणि 'स्किनी' यांतला फरक सांगत होते. सडपातळ म्हटलं की माणूस खूश होतो, हडकुळा म्हटलं की चिडतो, वजन मात्र दोघांचं तेवढंच, असं ते म्हणाले आणि जळगावातल्या त्या पत्र्याच्या हॉलमधली साठ पोरंपोरी हसली. या जागी पोरं हसतात हे सरांना बावीस वर्षांपासून माहीत होतं. ते त्या हसण्यापुरतं थांबायचेसुद्धा. तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल थरथरत कडेपर्यंत आला. एरवी ते वर्गात फोन घेत नसत. पण पडद्यावर 'अक्का धुळे' असं दिसलं, आणि अक्काचा फोन म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असा आजवरचा अनुभव. ते खडू हातात घेऊनच दाराबाहेर आले. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं. "कोनी नही रे," अक्का पलीकडून हसत म्हणाली. सहासष्ट वर्षांची त्यांची ही थोरली बहीण मंजुळा फोनवर नेहमी ओरडून बोले, धुळ्याहून जळगावपर्यंत आवाज आपल्यालाच पोचवायचा असल्यासारखी. "भाऊ, तुना पुस्तकमा मनं नाव शे म्हने! मंजुळा, अस्सं छापेल शे म्हने, इंग्रजीमा! रत्नी म्हनस." रत्ना म्हणजे अक्काच्या मुलाची, भूषणची, पोरगी, यंदा सरकारी नोकरीच्या परीक्षांना बसणारी; ती सरांना नाना म्हणे. "तिले म्हनं, काय लिखेल शे ते सांग. तं ती म्हने, नानालेच इचार. मंग तू रविवारले ये. तूच वाची दखाड. पुष्पाबाईले बी सांगेल शे मी, आखी गल्ली येस ऐकाले." सर "बरं" म्हणाले. अक्का अहिराणीत बोलायची आणि ते तिला पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचे, हे इतकी वर्षं चालत आलं होतं. वर्गात परत येऊन त्यांनी फळा पुसून टाकला. 'स्किनी' अजून कुणी वहीत उतरवून घेतला नव्हता, पोरं कुरकुरली.

पुस्तकाचं नाव 'शब्दांच्या जोड्या'. चौदावी आवृत्ती संपत आली होती. तलाठी व्हायचं असो की पोलीस, जळगाव-धुळ्याकडच्या पोरांच्या पिशवीत पाण्याच्या बाटलीशेजारी हे पुस्तक असायचंच. सारखे दिसणारे दोन इंग्रजी शब्द घ्यायचे, त्यांच्यातला फरक चार ओळींत सांगायचा आणि खाली दोन वाक्यं द्यायची, एवढीच त्याची रीत. पण त्या वाक्यांत एक गंमत होती. त्यात राम-सीता नव्हते की जॉन-मेरी नव्हते. नियम विसरतो, माणूस विसरत नाही, असं सर म्हणायचे, आणि म्हणून त्यांनी वाक्यांत खरी माणसं घातली होती. पहिली आवृत्ती एका मे महिन्यात, तीन आठवड्यांत, दारं लावून लिहिली होती. लिहिताना नावं आठवावी लागली नाहीत, शिंदखेड्याकडचं त्यांचं गाव रांगेनं येऊन उभं राहिलं. एकटं आणि एकाकी यांतला फरक सांगायला तानुबाई आली, लेकासुनांनी भरलेल्या घरात ओट्यावर बसून राहणारी. काटकसर आणि कंजुषी यांच्यासाठी झुंबरबाई, पाहुण्याच्या चहात पाहुण्यासमोरच पाणी वाढवणारी. शेजारच्या आबांचं घोरणं, चुलतभावाचं तोतरेपण, कुणाचं पळून जाणं, कुणाचं परत येणं, सगळं कामी लागलं. वाक्यं चटकदार उतरली. यातलं कुणी हे वाचेल असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. गावाला इंग्रजी येत नाही, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त भरवसा होता.

पान एकसष्ट. ते उघडून बघायची गरज नव्हती, तरी वर्ग सुटल्यावर त्यांनी कपाटातून प्रत काढली आणि बघितलं. 'आस्क' आणि 'बेग'. मागणं आणि भीक मागणं. खाली दोन वाक्यं: सुनंदा आस्क्स फॉर वर्क बिकॉज शी हॅज सेल्फ-रिस्पेक्ट. मंजुळा बेग्ज. सुनंदाला स्वाभिमान आहे, म्हणून ती काम मागते. मंजुळा भीक मागते. दुसरं वाक्य अवघं दोन शब्दांचं, आणि तीच त्याची खुबी होती. वर्गात ते पहिलं वाक्य सावकाश म्हणायचे, स्वाभिमानावर जोर द्यायचे, मग हात वर करून थांबायचे, आणि सगळा हॉल एका सुरात ओरडायचा, "मंजुळा बेग्ज!" पत्र्यावर आवाज घुमायचा. बावीस वर्षं, वर्षाला तीन तुकड्या. शेजारच्या सायकलवाल्यालासुद्धा पाठ झालं होतं ते. एकदा भिकारी दारात आला तेव्हा तो म्हणाला होता, सर, तुमची मंजुळा आली बघा. सर हसले होते. हे त्यांना आत्ता आठवलं. खोलीत कुणी नव्हतं तरी त्यांनी पुस्तक मिटून पालथं ठेवलं.

कुणी म्हणेल, नाव बदलायचं होतं. तेवढं काही अवघड नव्हतं, चौदा वेळा प्रुफं हाताखालून गेली होती. दर वेळी एकसष्टाव्या पानाशी पेन्सिल थबके. दर वेळी काहीतरी कारण पुढे येई. एकदा वाटलं, मुलांना पाठ झालंय, कशाला हलवा. एकदा वाटलं, जगात काय एकच मंजुळा आहे. एका आवृत्तीत त्यांनी खरंच नाव खोडून 'शांता' लिहिलं होतं. शांता बेग्ज. वाक्य एकदम मेलं. शांता कुणी नव्हतीच, ती भीक मागो नाहीतर राज्य करो, कुणाला काय त्याचं. त्यांनी खोडलेलं नाव पुन्हा लिहिलं, आणि त्या क्षणी त्यांना नीट कळलं होतं की वाक्य जिवंत आहे ते कुणामुळे. कळूनही लिहिलं, हे महत्त्वाचं. अजाणता झालं असतं तर माणूस चार दिवस हळहळतो आणि सुटतो. इथे तो चौदा वेळा जाणता होता.

रविवारी सकाळी त्यांनी धुळ्याची एसटी पकडली. बायकोनं अक्कांसाठी लुगडं बांधून दिलं होतं आणि वर म्हणाली होती, "किती आनंद झालाय त्यांना, एरवी असल्या कारणानं कधी फोन करत नाहीत." ती पिशवी मांडीवर घेऊन ते खिडकीशी बसले. एरंडोल येईपर्यंत त्यांनी ठरवलं की सरळ पाय धरायचे आणि सांगून टाकायचं. पारोळा येईपर्यंत वाटलं, अक्काला सांगून काय साधणार, उगाच म्हातारीच्या जिवाला घोर. आणि हा विचार अक्काच्या काळजीपोटी आलाय असं त्यांनी स्वतःला पटवलंही. पारोळ्याला गाडी थांबली, भुईमुगाच्या शेंगा विकणारी बाई खिडकीशी आली आणि म्हणाली, घ्या ना भाऊ. त्यांनी मान फिरवली. मान फिरवणं त्यांना लहानपणापासून जमत होतं. पहिल्यांदा कधी फिरवली, तेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एस. डी. बोरसे यातला एस म्हणजे सुपडू. जळगावात कुणी सुभाष समजे, कुणी सुरेश, आणि सरांनी कुणाची चूक दुरुस्त केली नव्हती. आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले, म्हणून हा झाला तेव्हा त्याला सुपात घातलं, जणू पाखडून टाकायचाच ऐवज आहे, देवानं नजर टाकू नये. सुपात घालणारी आई तो चार वर्षांचा असताना गेली. तेव्हापासून घर मंजुळाअक्काच्या अंगावर पडलं, आणि अक्का त्याच्याहून फक्त बारा वर्षांनी मोठी. तिचं लग्न ठरत होतं, ते तिनंच लांबवलं. मग तो सात वर्षांचा असताना त्याला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस. डॉक्टर झाले, गावठी औषध झालं. सुपड्याही भावांच्या वाटेनं जातो की काय, असं गाव कुजबुजायला लागलं तेव्हा एकोणीस वर्षांच्या अक्कानं देवीला बोलून टाकलं: पाच मंगळवार अनवाणी पाच घरी जोगवा मागेन, त्याच पिठाची भाकरी याला घालीन. तापात त्याला तिचे पाय दिसायचे. उन्हाळा होता, मंगळवारी दुपारी ती परत आली की तळवे जमिनीला न टेकवता टाचांवर चालत चुलीपर्यंत जायची. पाच घरच्या पिठाची भाकरी एका रंगाची होत नाही, कुठे ज्वारीची पांढरी, कुठे बाजरीची करडी. तो ती दुधात कुस्करून खायचा. तिसऱ्या मंगळवारी ताप उतरला. चौथ्या मंगळवारी तो चालायला लागला. पाचव्या मंगळवारी तो मास्तरांच्या घरी बसला होता.

मास्तरांचं घर गावात एकटंच असं होतं की जिथे भिंतीवर घड्याळ होतं आणि बसायला खुर्च्या. मास्तर गावाबाहेरचे. त्यांची बायको सुनंदाबाई शुद्ध बोलायची, इतकं शुद्ध की तिच्याशी बोलताना बायका पदर सारखा करायच्या. आजारात बुडलेला अभ्यास भरून काढायला मास्तरांनी सुपडूला घरी बोलावलं होतं आणि हातात पहिलं इंग्रजी पुस्तक दिलं होतं. त्या घराचा वाससुद्धा वेगळा होता, साबणाचा आणि कागदाचा. सुपडूला वाटायचं, आपण इथेच जन्मायचे, चुकून सुपात पडलो. त्या दुपारी मास्तर आत झोपलेले, तो आणि मास्तरांचा मुलगा पुढच्या खोलीत, आणि दारातून आवाज आला, "आईना जोगवा!" पुस्तकातून डोकं वर न काढताच त्याला समजलं. उन्हात अक्का उभी होती, हातात परडी, कपाळाला मळवट, फुफाट्यानं पाय घोट्यापर्यंत पांढरे झालेले. सुनंदाबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "धडधाकट दिसतेस. काम माग, देते. भीक कशाला मागतेस? माणसाला काही स्वाभिमान असावा." अक्का तिथून हलली नाही. मास्तरांचा मुलगा हळूच म्हणाला, "तुझीच ना रे बहीण?" सुपडूनं पुस्तकात बघितलं. पानावर गाय होती आणि खाली तिचं इंग्रजी नाव. तो त्या तीन अक्षरांकडे बघत राहिला. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. आत घड्याळ वाजलं, पुन्हा अर्ध्या तासाचा एक ठोका पडला, आणि दारातली सावली तिथेच होती. शेवटी मास्तर उठले, बाहेर काय चाललंय ते बघितलं, मुकाट्यानं ओंजळभर पीठ आणून परडीत टाकलं. संध्याकाळी भाकरी आली तेव्हा त्यानं ती खाल्ली. भूक लागली होती. अक्का एका शब्दानं काही म्हणाली नाही, आणि मग ते दोघं याबद्दल कधीच बोलले नाहीत.

फागणे मागे पडलं. धुळ्याची घरं दिसायला लागली. मे महिन्यातल्या त्या खोलीत 'बेग' शब्दापाशी आले तेव्हा वाक्य सुचावं लागलं नव्हतं, ते सुनंदाबाईंच्या आवाजात कानात तयारच होतं. चमत्कार म्हणजे सुनंदाबाईंनी आयुष्यात कुणाकडे काम मागितलं नव्हतं. खुर्चीवर बसून स्वाभिमान सांगणाऱ्या बाईला त्यांनी कष्टाळू केलं, आणि जी पहाटे चारला उठून जातं ओढायची, तिला भिकारीण. गाव काय, इंग्रजी काय, या सगळ्या मागाहूनच्या सबबी. खरं तर त्या पुढच्या खोलीत सात वर्षांच्या पोरानं एक बाजू घेतली होती आणि बत्तिसाव्या वर्षी, बी.ए. बी.एड. होऊन, ती छापून काढली होती. सरांना आपली लाज वाटली. ती नुसती मनात वाटली नाही, कपडे नसल्यासारखी अंगभर झाली; त्यांनी समोरच्या बाकाचा दांडा धरून त्यावर कपाळ टेकलं. शेजारचा माणूस म्हणाला, "पाणी पाहिजे का सर?" आपल्याला इथेही सर म्हणून ओळखतात, याचाच त्यांना त्या वेळी सगळ्यात जास्त त्रास झाला.

देवपुरात भूषणचं घर. दारात रांगोळी काढलेली होती, सर ती वळसा घालून आत गेले. अक्कानं नवं लुगडं नेसलं होतं; त्यांनी आणलेलं तिनं कपाळाला लावून बाजूला ठेवलं. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरून पाच-सहा बायका बसल्या होत्या, शेजारची पुष्पाबाई त्यांत पुढे. भूषण दुकानात गेला होता. रत्नानं पाणी आणून दिलं, "नाना, प्रवास बरा झाला ना?" असं विचारलं आणि त्यांच्याकडे न बघता भिंतीला टेकून उभी राहिली. हातात पुस्तक, एकसष्टाव्या पानात बोट. तिला सगळं माहीत होतं, आणि तिनं आजीला सांगितलं नव्हतं. विशीतली पोर. जे तिला सांगवलं नाही ते त्यांनी छापलं होतं. सरांनी तिच्या हातातून पुस्तक घेतलं.

"वाच," अक्का म्हणाली. ती मांडी घालून त्यांच्यासमोरच बसली होती, डोक्यावरून पदर घेऊन, आरतीला बसतात तशी. सरांनी चष्मा लावला. एवढ्या वर्गांसमोर त्यांनी ही वाक्यं म्हटली होती. इंग्रजी ते वाचूच शकले नाहीत. नुसतं ओठांत पुटपुटल्यासारखं केलं आणि एकदम मराठीवर आले. "असं लिहिलंय," ते म्हणाले, "की मागण्या-मागण्यात फरक असतो. कुणी स्वतःसाठी मागतं. आणि मंजुळा... मंजुळा देवाजवळ मागते. सगळ्यांचं भलं मागते. असं आहे ते." पुष्पाबाई म्हणाली, "वा बाई! भावानी बहीणले पुस्तकमा देव्हाऱ्यात बसाडं." बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. एकीनं अक्काच्या पाठीवरून हात फिरवला. काम फत्ते झालं होतं. सरांनी पुस्तक मिटलं. भिंतीकडे त्यांनी बघितलं नाही, पण रत्नाची नजर त्यांना मानेवर जाणवत होती.

अक्का मात्र खूश दिसेना. तिनं कपाळावरचा पदर मागे सारला आणि म्हणाली, "इतलंच?" "इतकंच," सर म्हणाले. "एका शब्दाला दोनच वाक्यं असतात अक्का." "मंग मी जोगवा मांगा ते नही लिखं?" तिनं विचारलं, आणि मग त्यांच्याकडून वळून ती बायकांना सांगायला लागली. "अवं, हाऊ सात वरीसना व्हता. एकवीस दिन ताप. मी देवीले बोलनी, पाच मंगळवार पाच घर मांगसू. चार घर कोनी बी दिधं. पन शेवटला मंगळवारले पाचवं घर मी शिकेल मानूसनं धरं. मनमा म्हनं, शिकेल घरनं पीठ पोटमा गयं तं पोऱ्या शिकी." सर दचकले. हे त्यांना माहीत नव्हतं. मास्तरांच्या दारातून ती अर्धा तास का हलली नाही, याचं त्यांनी आजवर एकच उत्तर धरलं होतं, ती हट्टी होती आणि अडाणी होती. "ती बाई देयेना," अक्का सांगत होती, "गैरी बोलनी माले. म्हनं बोल बाई, पन पीठ दे. आन् हाऊ तठेच बठेल व्हता, पुस्तकमा तोंड घालीसन." बायका हसल्या. अक्काही हसली, कौतुकानं. "मी मनमा म्हनं, उठू नको रे भाऊ, वाच तू. तू वाचाले पाहिजे म्हनीसनच मी आठे उभी शे."

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुसतच राहिले. म्हणजे तेव्हा ती बघत होती. तिनं त्यांना पुस्तकात मान घालताना बघितलं होतं आणि त्याला अभ्यास समजून ती सत्तेचाळीस वर्षं त्या आठवणीवर जगली होती. अशी समजूत करून घेण्यापेक्षा तिनं तेव्हाच कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. "आते पुढला खेपले छापशी, तवय तेवढं लिख," अक्का म्हणाली. "भलं मांगस बिंगस नको लिखू, ते तं बठ्ठा लोकच मांगतस. मंजुळानी भीक मांगी, अस्सं लिख. रत्ने, पेन आन. आत्तेच लिख पुस्तकमा, इसरी जाई नहीतं." रत्ना हलली नाही. तिनं नानांकडे बघितलं, पहिल्यांदाच सरळ. त्या बघण्यात राग असता तर त्यांनी तो झेलला असता. ती नुसती वाट बघत होती, तोंडी परीक्षेला बसलेल्या माणसानं आता तरी काही बोलावं म्हणून बघतात तशी.

"लिहिलेलं आहे, अक्का," सर म्हणाले. आवाज इतका बारीक आला की पुष्पाबाईनं "काय म्हने?" असं शेजारणीला विचारलं. "तेच लिहिलेलं आहे. मंजुळा भीक मागते. हेच छापलंय पहिल्यापासून." अक्काचा चेहरा उजळला. खरोखर उजळला, आणि लगेच त्यावर आठी आली. "मंग मघाशी का बरं नही वाचं?" उत्तराची वाट न बघता तिनं हात पुढे करून पुस्तक उघडायची खूण केली. "वाच आते. इंग्रजीमा वाच, माले ऐकू दे." सरांनी पान काढलं. आणि वाचलं, दोन्ही वाक्यं, पहिल्या शब्दापासून. आपल्या नावाशी अक्कानं मान हलवली. मग म्हणाली, "ते पयलं काय व्हतं? सुनंदा म्हनास ना तू? मास्तरनी बायको ना ती? तिनाबद्दल काय लिखेल शे?"

इथून परतायला जागा होती. अजूनही होती. सर खोटं बोलू शकले असते, तोंडावर आलंही होतं काहीतरी. पण खोटं बोलायलाही अंगात थोडा मान शिल्लक लागतो, तो त्या वेळी उरला नव्हता. ते म्हणाले, "सुनंदाला स्वाभिमान आहे, म्हणून ती काम मागते. मंजुळा भीक मागते. असं लिहिलंय मी." पुष्पाबाईनं सतरंजीचा धागा ओढायला घेतला. एका बाईनं उगाच पदर सावरला आणि आपल्या घरी कूकर लावलाय असं काहीतरी म्हणत उठली, तिच्या मागून दुसरी उठली. अक्का शब्द मनातल्या मनात लावत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते. तिला वेळ लागला. सर तिच्या पायांकडे बघत होते, कारण वर बघवत नव्हतं. मग ती बोलली, आणि आवाजात ना रडणं होतं ना चिडणं. मूल गणित चुकलं की आई पुन्हा सांगते तसं तिनं सांगितलं.

"तिना पोऱ्या तापमा नव्हता रे, भाऊ. तिले परवडे स्वाभिमान. मी तो धरीसन घरमा बठती, तं तू आज कोठे ऱ्हाता?"

सरांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही, मराठी नाही, इंग्रजी नाही, आणि ज्या भाषेत ती विचारत होती त्या भाषेत तर त्यांना कित्येक वर्षांत बोलताच येत नव्हतं. मग गुडघ्यावर हात टेकून अक्का उठली, रत्नाला म्हणाली, "नानाले वाढ, सकायनं उपाशी शे तो," आणि जाता जाता त्यांच्या हातातलं पुस्तक काढून घेऊन, उघडं होतं ते पान मिटू न देता, तिनं ते देवाजवळ नेऊन ठेवलं.